झारी सगळ्यांना पसंत होती

भिंतीवर स्केच टाचायच्या आधी तो कोपऱ्यातलं नाव अंगठ्याने पुसून टाकायचा. स्वतःचं तर पुसायचाच, आमचंही पुसायचा. पेन्सिलीचं नाव जायचं आणि तिथे एक काळपट डाग राहायचा. मी एकदा चांगलीच चिडले. इतकी मरमर करून काढलेलं चित्र, त्यावर माझं नाव का नको? तो शांतपणे दुसरी टाचणी शोधत म्हणाला, “माझं-तुझं नक्को गं. भिंतीवर लागलं की सगळ्यांचं.”

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दोघांत वाजलं की हा मध्ये उभा. कॉलेजातल्या आमच्या गटात मी, श्रावणी, इम्रान आणि तो. माझं आणि इम्रानचं कशावरूनही जुंपायचं. मग तो आमची दोन्ही स्केचेस एकावर एक ठेवायचा, वर पातळ कागद धरायचा आणि तिसरं काहीतरी काढायचा. त्यात माझ्या चित्रातली मूठ असायची आणि इम्रानच्या चित्रातलं झाकण. “घ्या, दोघांचं आलं,” म्हणायचा. भांडायला काही उरायचंच नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

मी शिकते ते इंडस्ट्रियल डिझाइन, म्हणजे रोजच्या वस्तू घडवणं, हे काय असतं ते मला घरी अजून समजावता आलेलं नाही. बरकतपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू मला ब्लाउजच्या गळ्याचे नमुने विचारतात. जामबागेतल्या आमच्या कॉलेजात मात्र पहिल्या दिवसापासून एकच मंत्र कानी पडला, तो म्हणजे टीमवर्क. एकट्याने केलेल्या कामाला इथे कुणी काम म्हणत नाही. तो आमच्याहून वयाने मोठा. मधली काही वर्षं नोकरी करून मग शिकायला आलेला. श्रावणी त्याला तेलुगूत ‘अन्ना’, म्हणजे दादा, म्हणायला लागली आणि आम्ही सगळेच म्हणायला लागलो. खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्याला आवडलं नसतं.

एक गोष्ट मात्र खटकायची. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्यात कधी नसायचा. घंटा झाली की पिशवी खांद्याला लावून कोठीच्या स्टॉपकडे चालायला लागायचा, बस पकडायला. इम्रान मागून ओरडायचा, “अरे अन्ना, खाना तो खाके जाओ!” तो वळूनही न बघता हात हलवायचा, “नक्को मियाँ, अम्मा इंतजार कररी.” दुपारच्या तासाला घामाघूम होऊन परत यायचा आणि शेवटच्या बाकावर डबा उघडायचा. सरांनी त्यावरून त्याला दोनदा झापलं. त्याने कारण सांगितलं नाही.

कारण आम्हाला कळलं ते प्रोजेक्टमुळे. सरांनी सांगितलं होतं, कुणाच्या तरी घरातल्या एका माणसाची एक अडचण घ्या आणि गटाने मिळून त्यावर एक वस्तू करा. आम्ही तिघं डोकं खाजवत होतो. शेवटी तो म्हणाला, “माझ्या घरी या.”

नल्लकुंट्यात एका घराच्या मागच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात तो आणि आई, एवढंच. आई मूळची बीदरकडची, संधिवाताने हाताची बोटं पार वाकडी झालेली. पेला धरला की निसटायचा. चालता यायचं, तोंडाचा पट्टा तर सतत चालू असायचा, पण पाणी मात्र कुणीतरी पाजलं तरच पिता यायचं. म्हणून हा रोज दुपारी धावत यायचा. “बसा माय, बसा,” करत त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि लेकाला आत चहा टाकायला पाठवलं. तो आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, “माझ्या पायी ह्याचं शिक्षण बुडायलंय.”

परतताना गल्लीच्या तोंडाशी त्याने सगळं स्पष्ट सांगितलं. मामा मागे लागले होते, कॉलेज सोड आणि घरात बसून होईल असं काम बघ. त्याने या सत्रापुरती मुदत मागून घेतली होती. “आईला आपल्या हाताने पाणी पिता आलं तर मी शिकतो. नाही तर सोडतो.” आणि लगेच आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाला, “कशाला परेशान होता? चौघं आहोत ना.”

आमच्याकडे कल्पना निवडायची एक पद्धत आहे. सगळी स्केचेस भिंतीवर लावायची, प्रत्येकाला रंगीत टिकल्या मिळतात, जे आवडेल त्यावर चिकटवायच्या. वाद घालायचा नाही. त्याचं स्केच अगदी साधं होतं. भिंतीला टांगलेली पाण्याची बाटली, तिला लांब नळी, आणि नळीचं तोंड खुर्चीत बसलेल्या बाईच्या ओठांपर्यंत आलेलं. उचलायचं काहीच नाही. श्रावणी ते बघून म्हणाली, “अन्ना, चूस्तेने बाधगा उंदी.” म्हणजे बघूनच वाईट वाटतं. आणि खरंच ते दवाखान्यातल्यासारखं दिसत होतं. त्यावर एकही टिकली पडली नाही. त्याने स्वतःच्या सगळ्या टिकल्या माझ्या झारीवर चिकटवल्या.

माझी झारी दोन मुठींची होती. दोन्ही तळव्यांमध्ये धरायची, बोटांचं काम नाही, आणि तोटीला तोंड लावून प्यायचं. देखणी होती, मी आजही म्हणेन. मग तिच्यात सगळ्यांचं आलं. इम्रानचं झाकण आलं, टेकवल्यावर डुगडुगू नये म्हणून श्रावणीची लाकडी बैठक आली. सर म्हणाले, घरात पिढ्यान्‌पिढ्या राहील असं काहीतरी करा, म्हणून स्टील आलं. प्रत्येक वेळी तो पातळ कागद धरायचा आणि नवं काहीतरी सामावून घ्यायचा. खूश असायचा तो त्या दिवसांत.

पहिला नमुना आम्ही फोमचा केला. फोम सुरीने कापता येतो, काचपेपरने घासून हवा तसा गुळगुळीत करता येतो, म्हणून आमचं सगळं आयुष्य त्या पांढऱ्या भुशात जातं. वस्तू हातात कशी बसते ते त्यावरून कळतं, असं आम्हाला शिकवलेलं. नल्लकुंट्याला नेऊन ती झारी आम्ही आईंच्या हातात दिली. त्यांनी तळव्यांत धरली, उचलली, तोंडापर्यंत नेली आणि पाणी प्यायल्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो दाराशी उभा होता. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला.

फोमला वजन नसतं. एवढी साधी गोष्ट. आम्ही चौघं तासन्‌तास त्या मुठींच्या गोलाईवर बोललो, आणि फोमला वजन नसतं हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. बाहेरचा कुणीही माणूस ही चूक करणार नाही, तो झारीत पाणी भरून बघेल. आमच्या नमुन्यात पाणी भरताच येत नाही, म्हणून आम्ही ‘भरली आहे असं समजा’ म्हणतो. आणि समोरचा माणूस भला असेल तर तो समजून घेतो.

स्टीलची झारी बेगम बाजारातल्या कारागिराकडून हातात आली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही भरून उचलली, आमच्या धडधाकट हातांनी, आणि झकास म्हणालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती इतकी आवडली की त्यांनी इतर गटांना बोलावून दाखवली. एकाने विचारलं, यातली मूळ कल्पना कुणाची? तो पटकन म्हणाला, “सबकी है, सर.” सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, टीमवर्क शिकायचं असेल तर यांच्याकडून शिका. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली आणि तो जागचा हलला नाही. आमच्याबरोबर कँटीनला आला. सकाळी त्याने झारी काठोकाठ भरून आईच्या टेबलावर ठेवली होती. “एकदा पिऊन दाखव म्हणालो, तर म्हणते, तू जा बाळा, उशीर होईल, मी पिते आरामात.” त्याने आमच्या ताटातलं खाल्लं, इम्रानशी क्रिकेटवरून हुज्जत घातली. हा माणूस इतका बडबड्या असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्याने घरी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“आई, पाणी पिलीस का?”

“पिले बाळा. पोटभर पिले.”

“जमलं?”

“न जमायला काय झालं? लई हलकी हाय. तू जेव निवांत.”

आम्ही तिघं एकदम ओरडलो. इम्रानने टेबल बडवलं. त्याने दुसरा चहा मागवला, आणि तो संध्याकाळपर्यंत कॉलेजातच राहिला, वर्कशॉपमध्ये उगाच इकडे तिकडे फिरत.

एप्रिलचं ऊन होतं. तो घरी पोचला तेव्हा आई टेबलाखाली पडलेल्या होत्या, साडी ओली, फरशी ओली, आणि ओठ कोरडे ठणठणीत. झारी टेबलावरून खाली आली होती. सकाळपासून घोटभर पाणी पोटात गेलेलं नव्हतं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइन लावलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. दोन दिवसांनी बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं, “झारीला पोचा तर नाही ना आला?”

हे मला त्याने फोनवर सांगितलं. मी रडत होते आणि तो मलाच समजावत होता, “जरा जड झाली गं. कुणाची चूक नाही.” मी म्हणाले, अन्ना, तुझी नळीची बाटली करू, चार दिवसांचं काम आहे. तो म्हणाला, “आई नळीला तोंड लावंना. म्हणते, पोरांनी एवढं केलं, ते सोडून मी नळीनं पिऊ का?”

मला आजही कळत नाही, या सगळ्यात ‘नाही’ कुणी म्हणायचं होतं. त्याने आमचं मन मोडलं नाही, आईंनी त्याचं मोडलं नाही, परीक्षकांनी आमचं मोडलं नाही. सगळे एकमेकांशी इतके चांगले वागले की त्यात एक म्हातारी बाई दिवसभर तहानेने तडफडली. हे मी सरांना सांगितलं. ते खरंच हळहळले. मग म्हणाले, पुढच्या सत्रात गट बदलणार आहेत, त्याआधी झारीचे चांगले फोटो काढून ठेवा. आम्ही काढून ठेवले. आमच्या तिघांच्याही पोर्टफोलिओत ती आहे, पहिल्याच पानावर.

तो त्या सत्रानंतर परत आला नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं ते नवीन वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. त्याला घेऊन यायचं असा निश्चय करून मी नल्लकुंट्याला गेले होते. तो कुणाकुणाच्या इमारतींचे नकाशे कंप्युटरवर काढत बसला होता. मामांनी मिळवून दिलेलं काम. बरा आहेस का, विचारलं तर म्हणाला, “हौ, मजेत.” त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आई आतून आल्या. पहिल्यापेक्षा निम्म्या झाल्या होत्या. मी कशासाठी आले ते त्यांनी बरोबर ओळखलं. “न्यायला आलीस ना? ने त्याला,” म्हणाल्या, आणि तशाच टेबलाकडे गेल्या. झारी तिथेच होती, भरलेली, लख्ख घासलेली. तो खुर्चीतून अर्धा उठला. “आई, नक्को.”

“गप बस. बघ गं माय, तूच बघ. जमायलंय मला.”

त्यांनी दोन्ही तळवे मुठींवर घट्ट दाबले. झारी उचलली गेली, खरंच उचलली गेली. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तोटी ओठांना लागली न लागली, थोडं पाणी तोंडात गेलं असेल, बाकीचं हनुवटीवरून गळ्यावर, पदरावर, पायांवर. तो दोन पावलांवर उभा होता आणि त्याने हात पुढे केला नाही. झारी हातातून काढून घेतली असती तर जमत नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. त्यांनी ती कशीबशी टेबलावर टेकवली आणि धापा टाकत माझ्याकडे बघून हसल्या.

“पिले का नाही? मग? आता जाशील ना रे उद्यापासून?”

“हौ आई,” तो म्हणाला, “जातो उद्यापासून.” आणि खाली बसून त्यांचा पदर पिळायला लागला.