मुळाभोवतीचे धागे

सरिता मला सहसा फोन करत नाही. काही आठवड्यांपूर्वी भर दुपारी केला आणि म्हणाली, "सर, ताई गेल्या. जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." कुठल्या ताई, हे विचारायची गरज नव्हती. डॉ. रजनी जाधव, परळच्या शाळेतली माझी वर्गमैत्रीण, हिरड्यांची डॉक्टर. शोकसभेत एका माजी पदाधिकाऱ्याने "हजारो चेहऱ्यांवर हसू फुलवणारा हात हरपला" असं सांगून डोळे पुसले. रजनी समोर असती तर उठून चहा प्यायला गेली असती. हसू हा तिचा विषयच नव्हता. "हसण्याचं खातं दुसऱ्या डॉक्टरांकडे," ती म्हणायची, "माझ्याकडे फक्त पकड."

ही पकड तिने मला अनेकदा समजावली, बहुतेक वेळा मी जेवत असताना. आपल्याला वाटतं, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तो ठोकलेला नसतो, टांगलेला असतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते आणि त्या फटीत असंख्य धागे. त्यांचं एक टोक मुळावरच्या पातळ लेपात रुतलेलं, दुसरं हाडात. वरून हिरडी घट्ट कॉलरसारखी बसलेली. "साडीच्या झोळीत मूल असतं ना, तसा दात असतो," ती सांगायची. आपण चावतो तेव्हा हे धागे ताणले जातात, धक्का पितात आणि दात पुन्हा जागेवर येतो. भातातला खडा कळतो तो दाताला नाही, या धाग्यांना. आणि हाडाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. "दात असेपर्यंतच ते उभं राहतं. दात गेला की झिजायला लागतं. काही नवरे असतात तसे..." तिने स्वतः लग्न केलं नव्हतं, त्यामुळे असली मतं ती बिनधास्त मांडायची.

लालबागच्या बाजूला असलेल्या तिच्या दवाखान्यात हे धागे तुटलेली माणसंच जास्त यायची. बिअर बारबाहेर बाटली लागलेली, गाडी लावण्यावरून डोकं आपटलेली, दहीहंडीच्या पाचव्या थरावरून जबड्यावर आलेली. कबड्डीचा मोसम आला की मग तर विचारूच नका. पकड करायला झेपावलेल्याच्या तोंडात चढाई करणाऱ्याचा गुडघा जायचा, दात मॅटवर पडायचा आणि खेळ सुरूच राहायचा. मग तिने तिथल्या कबड्डी मंडळाच्या कार्यालयात, ढालींच्या कपाटाशेजारी, एक बोर्ड लावला. 'पडलेला दात मुळाकडून धरू नका. घासू नका. दुधात टाका आणि पळत या.' मुळावरचे धागे जिवंत असतील तर दात पुन्हा बसवता येतो, हाड त्याला परत धरतं. पोरं खरंच दुधाची पिशवी घेऊन पळत यायची. रजनीला त्या बोर्डाचा फार अभिमान होता.

त्या मंडळाचे प्रशिक्षक प्रकाशदादा. एके काळचे डावखुरे चढाईपटू, चौकाचौकांत बॅनरवर हात जोडून उभे असणारे. सरिता त्यांची बायको. ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा तिचा समोरचा एक दात हलत होता. हे मला रजनीने सांगितलं नाही, रुग्णांच्या बाबतीत ती तोंड उघडत नसे. सरितानेच नंतर सांगितलं आणि आता लिहा म्हणाली म्हणून लिहितो. कळशी लागली, असं तिने सांगितलं होतं. रजनीने एक्स-रे उजेडात धरला. दात उजवीकडून आत ढकलला गेला होता, एका बाजूची फट रुंद झाली होती.

"कळशी डावखुरी दिसते," रजनी म्हणाली.

रजनीने शेजारच्या दातांना तार बांधून तो दात स्थिर केला आणि दर महिन्याला दाखवायला यायला सांगितलं. घराबाहेर पडायचं तेवढं एक निमित्त प्रकाशदादांना चालत होतं. महिन्या-महिन्याला ती नवी जखम घेऊन यायची. फाटलेला ओठ, सुजलेला गाल, एकदा कानामागे काळंनिळं. "हे आता तोंडात थांबणार नाही गं," रजनी तिला म्हणाली होती. "पुढे जबडा मोडेल. त्याच्यापुढे मान आहे. तक्रार कर." सरिताचं उत्तर ठरलेलं. "कोण विश्वास ठेवील ताई? सगळा एरिया त्यांच्या पाया पडतो."

मग प्रकाशदादांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र, ढोलपथक. मीही वक्त्यांमध्ये होतो. निवृत्त मास्तर स्वस्तात मिळतो. रजनीला घेऊन जायला मी दवाखान्यात पोचलो. बाहेर मंडळाची तीन-चार पोरं बसली होती, कुणाची तार काढायची, कुणाचं काय. तेवढ्यात सरिता आली. नवी साडी, तोंडावर पदर, पदर रक्ताने भिजलेला. तिने मूठ उघडली. तार बांधलेला तोच दात.

"तारेसकट आला, ताई. घासून आणलाय. रक्ताने घाण झाला होता, तसाच कसा आणायचा तुमच्याकडे..."

गावच्या नारळाच्या काथ्याने, भांडी घासायच्या पावडरीने तिने तो घासला होता. रांगोळीसारखा पांढरा. रजनी त्याच्याकडे बघत राहिली. मुळावर एक धागा उरला नव्हता.

"बोर्ड वाचला नाहीस गं?"

"कुठला बोर्ड?"

मंडळाच्या कार्यालयात बायका जात नाहीत. तिथे फक्त मॅटवर पडलेल्या दातांची सोय होती, घरात पडणाऱ्यांची कुणी केलीच नव्हती. रजनीही तिथल्याच एका चाळीत वाढली होती आणि हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. तरीही तिने दात बसवला, टाके घातले.

तेवढ्यात प्रकाशदादा आले. कपाळाला गंध, गळ्यात हार. "चला ताई, स्टेजवर खोळंबलेत सगळे. आणि ही काय करते इथे? परत पडली?"

रजनी हातमोजे न काढता, हातातल्या ट्रेसकट बाहेरच्या खोलीत आली. "पडली नाही. तू मारलंस. मागच्या वेळेला पण, त्याच्या आधी पण. या पोरांना सांगू, कुठल्या हाताने?"

"ताई, घरातलं घरात राहू द्या."

"हे घर नाही, दवाखाना आहे. बोल, कुठल्या हाताने?"

त्याने दाखवलं. डावा हात आला तो थेट तिच्या तोंडावर. ट्रे उडाला, ती खुर्चीच्या हँडलवर आपटली, हिरडी फाटून रक्त हनुवटीवर आलं. पोरांनी त्याला कमरेला धरून खाली घेतलं. त्याने शिकवलेलीच पकड, सुटला नाही तो. मी उभ्या जागी थिजलो होतो. एक मात्र मी नीट पाहिलं होतं. हात येताना रजनीला दिसला होता. तिने मान वळवली नाही.

आरशात तिने स्वतःची हिरडी ओठ वर करून तपासली, कापूस दाबला आणि सरिताला म्हणाली, "तू नको करू तक्रार. मी करते. मला मारलंय, दवाखान्यात, एवढ्यांच्या समोर. तू फक्त साक्षीदार म्हणून चल."

पोलीस ठाण्यात सरिता साक्षीदार म्हणून बसली. काय पाहिलंस, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तिने आजच्यापासून सुरुवात केली आणि मागे मागे जात राहिली. कळशीपर्यंत गेली, तिच्याही मागे गेली. लिहिणाऱ्याला दोनदा कागद आणायला उठावं लागलं. बाहेर ढोलपथक सत्कारमूर्तीशिवायच वाजत होतं. सरिता त्या संध्याकाळी बहिणीकडे कॉटन ग्रीनला गेली आणि परत त्या घरात गेली नाही. पुढे ती रजनीच्याच दवाखान्यात हत्यारं उकळायला लागली.

परवा दवाखाना आवरायला मी गेलो. सरिता एकटीच होती. दात बघायच्या छोट्या आरशाची स्टीलची दांडी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "ताई दर पहिल्या तारखेला माझा तो दात वाजवून बघायच्या. यावेळी कोणी बघितलंच नाही." धागे गेलेल्या दाताला हाड थेट चिकटतं, म्हणून तो धातूसारखा वाजतो, आणि मग हाड हळूहळू त्याचं मूळ खात जातं. पाचेक वर्षं टिकेल, असं रजनीने तिला सांगितलं होतं. आता त्याहून बरीच जास्त झाली आहेत. ती खुर्चीत बसली, ओठ वर केला. मी शेजारचा दात वाजवला... मऊ, दबका आवाज. मग तो वाजवला. टण्ण.

"आहे ना अजून?"

"आहे."

"मग पुढची तारीख लिहा, सर," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. पेन दोरीने तिथेच लटकत होतं.