साडूभाऊंनी पास केलेला डबा

माझ्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू तिची परीक्षा घेतल्याशिवाय विकत घेतली नाही. चिखलीच्या बाजारात चप्पल आवडली, की ती घालून ते एसटी स्टँडपर्यंत चक्कर मारून येत. तोवर जुनी चप्पल दुकानदाराकडे ओलीस. कूलर घेताना तर दुकानातच त्याच्यासमोर खुर्ची टाकून झोपले, आणि घोरल्याशिवाय कूलर पास झाला नाही. त्यांना ‘परतबुवा’ हे नाव मीच ठेवलं. ते नात्यात फार चाललं. माणूस कंजूष आहे, ही पुस्तीही मीच जोडली. ती खोटी होती, हे आता लिहून टाकतो.

टीव्हीला जोडायचा नवा डबा त्यांना हवा होता. त्यावर इंटरनेटवरचे कार्यक्रमही दिसतात आणि पेनड्राइव्हमधले घरचे व्हिडिओही. दोन निरनिराळे डबे त्यांनी घरी नेऊन परत केले. तिसऱ्या वेळी दुकानात मी सोबत होतो. त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, उजवा हात लकव्यानं गेलेला, डोळेही अधू. साडूभाऊ शेतात गेले की तिला एकटीला टीव्ही लावता यावा, एवढीच त्यांची अट. म्हणून त्यांनी स्वतःचा उजवा हात खिशात कोंबला, चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि डाव्या अंगठ्यानं रिमोट दाबू लागले. पेनड्राइव्हमधलं नातीचं बारसं पडद्यावर आलं, तसा त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला. चालू केला. पुन्हा बंद.

"काका, डबा जळून जाईन ना!" दुकानदार ओरडला.

"आमच्याकडे लाइट तुले इचारून जाते काय बे? लाइट आली का बारसं जिथल्या तिथं दिसलं पाह्यजे. तिनं काऊन माही वाट पाहावं?"

"मंग मावशीले मोबाइल द्या ना."

"एका हातानं तिनं तो धरावं का चालवावं?"

गिऱ्हाइकं हसली, त्यांच्यात मीही. ते हसणं आज आठवलं की बरं वाटत नाही.

तो डबा पास झाला. पुढे ते नांदुऱ्याला माझ्याकडे आले, तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतो डबा?"

साक्ष द्यायची असावी तसे ते सावरून बसले.

"एक नंबर हाय. पण साडूभाऊ, पह्यले मी अंगणात असलो का, ‘अवो, या ना, हे काय झालं पाहा,’ असं ती दिवसभर बोलावे. आता लाइट जाते, येते, अन् ती आपली पाहून राह्यली. मीच उगा दारात जाऊन उभा राह्यतो."

"म्हणजे खोट निघाली म्हणा की."

"नाही हो," ते म्हणाले. "तिले जमलं ना. मले बी जमन."