एका रोजावर दोन जावा

जाफराबाद रस्त्याला रामकिसनचं शेडनेट आहे, मिरचीच्या बियाण्याचं. त्याचा फोन आला, "ताई, तुमची वंदना मला फसवून राह्यली. या, डोळ्यानं बघा."

मालक स्वतःहून मला बोलावतो तेव्हा काहीतरी शिजत असतं. शाळा माझी सातवीतच सुटली, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. तशीच गाडीला किक मारली.

बायांना कामाला लावायचं आणि त्यांच्या रोजासाठी मालकांशी भांडायचं, हे माझं काम. वंदनाला तिथं मीच लावली होती. काम नाजूक. कळी उघडून चिमट्यानं आतले नर-केसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, ओळखीला दोरा बांधायचा. सकाळपासून दिवस कलेपर्यंत. घरी सासूला लकवा, कूस बदलायलासुद्धा माणूस लागतं. वंदनानं आधी अर्धा दिवस मागितला होता. "अर्धी बाई मी ठेवत न्हाई," रामकिसन म्हणाला होता. मग ती दिवसभर जायला लागली. सासूपाशी कोण असतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. विचारायचं राहून गेलं.

नेटमध्ये सगळ्या बाया सारख्याच दिसतात. लुगड्यावर पुरुषी शर्ट, तोंडाला स्कार्फ, उघडे फक्त डोळे. रामकिसननं मला वंदनाच्या ओळीत नेलं.

"ही सकाळची गाठ. ही कालच्या दुपारची. पीळ उलटा. जेवण झालं की बाई डावखुरी होती का?"

"मिरची धरली न्हाई का?"

"धरली. दोन्हीकडं बराबर धरली."

"मंग तुमचं पोट कुठं दुखतं?"

"माझ्या नेटमध्ये कोण हाये, ते मला माहीत नको? वंदना दुपारी घरच्या ओट्यावर दिसल्ती म्हणं."

दिसली कुणाला? मी बायांकडं नजर फिरवली. उषाबाईनं मान आणखी खाली घातली. ती वंदनाची शेजारीण. समजलं.

वंदनानं स्कार्फ खाली केला. "दुपारी पायल येती. माझी जाऊ, डावखुरी हाये. सुट्टीत विहिरीमागं शर्ट बदलतो. मी सासूपाशी जाते, ती इथं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही भांडल्या असत्या, ताई. भांडणात माझा रोज गेला असता."

राग आला. पण तो तिथं काढण्यासारखा नव्हता.

रामकिसनचा आवाज एकदम मऊ झाला. "मी काय वाईट हाये का? दोघी या. अर्धा-अर्धा रोज लावतो. आन् मी म्हणतो, सगळ्याच बायांना दुपारी घरी सोडू. ऊन उतरलं की परत या. लेकरं, सासू, सगळं बघून होईल."

एवढी दया कशी काय सुटली याला? मी तोंड उघडणार, त्याआधी वंदनाच बोलली.

"मधल्या वेळाचा रोज?"

"घरी असल्यावर कसला रोज?"

ओळीतले हात थांबले. उषाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, सकाळी यायचं, दुपारी चालत घरी, संध्याकाळी परत, आन् अंधारात सैपाक? रोज तेवढा कापायचा? मला न्हाई जमायचं."

"तुला कुणी विचारलं?"

"मीच चुगली केल्ती ना, मंग मलाच विचारा."

बाया हसल्या. रामकिसन हसला नाही. फुलोरा जोरात होता. आज सगळ्या उठून गेल्या तर उद्या हात कुठून आणणार, हे त्यालाही कळत होतं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "एक रोज, एक हाजरी. कोण येतं ते तुमचं घर बघून घेईल. पण गाठ एकसारखी पाहिजे. कंपनीचा माणूस ओळी बघतो."

एवढ्या सहज सुटतो का माणूस? माझा विश्वास बसला नाही. चार-आठ दिवसांनी भर दुपारी मी न सांगता गेले. तोच शर्ट, तोच स्कार्फ. बाई उजव्या हातानं गाठ बांधत होती. डोक्यात तिडीक गेली. म्हणजे पायलला हाकलली यानं, आणि वंदनाला दिवसभर जुंपली.

"वंदना, सासूपाशी कोण हाये गं?"

"जाऊबाई हायेत," स्कार्फातून आवाज आला. "मी पायल."

तिनं बोटातली गाठ मला दाखवली. सैल पडली होती. "उजव्यानं जमंना अजून. चमचासुद्धा उजव्यानंच धरून राह्यले सध्या, सवय व्हावी म्हणून."

मी काही बोलायच्या आत तिनं गाठ सोडली आणि दोरा पुन्हा उजव्या हातात घेतला.