पहिल्या धारेचं पाणी

आमच्या भागाला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीकाका म्हणत. छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलला आडवी बांधलेली, पायात रबरी बूट, आणि चेहरा कायम कुणीतरी मागून हाक मारणार आहे अशा तयारीतला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि व्हॉल्व्हचे फेरे मोजत पाणी सोडायचं. मागच्या गल्लीला चौदा फेरे, शाळेच्या बाजूला अकरा. "पाणी कमी आलं की लोक मला पाण्यात पाहतात," ते म्हणायचे, "आणि भरपूर आलं की कुणी माझ्याकडे पाहतच नाही."

मागच्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्या दिवशी तीनच घरं होती. कुणी बाहेरचं खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सतरा माणसं दवाखान्यात गेली आणि त्यात काकांची मोठी बहीण होती. अक्का. आई लवकर गेली तेव्हा काका पाच वर्षांचे होते, अक्का पंधराची. तिनेच त्यांना वाढवलं. काका निवृत्तीला आले तरी ती त्यांना बाळ्याच म्हणायची.

दवाखान्यात जागा नव्हती. व्हरांड्यात खाटा टाकल्या होत्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. अक्काचे डोळे आत गेले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या.

"बाळ्या, पाणी कसलं सोडतोस रे?" तिने विचारलं. रागाने नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून.

"तेच, अक्का. रोजचंच."

आणि ते खरं होतं. टाकी तीच, पाणी तेच, चावी फिरवणारा हातही तोच. तेच पाणी शाळेच्या बाजूला जात होतं आणि तिकडे कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. काका स्वतः फेरी संपली की मागच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळावर ओंजळीने पाणी प्यायचे. त्यांना काही झालं नव्हतं. लोकांनी मात्र त्यांना घेरलं. एकजण म्हणाला, टाकीत काहीतरी मेलंय. दुसरा म्हणाला, औषध टाकायचं विसरलात. काका घरी येऊन बायकोला म्हणाले, "मी काय विसरणार? टाकीत औषध टाकणारा माणूस वेगळा, मी नुसता सोडणारा." बायको म्हणाली, "मग तसं सांगा ना त्यांना." पण त्यांना तेही धड सांगता येईना.

चौथ्या दिवशी मुख्य कचेरीतून साथीच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा. त्या घरोघर फिरल्या. काय खाल्लं, कुठे खाल्लं, पाणी कुठलं प्यायलात, पहिला जुलाब किती वाजता झाला. लोक चिडले. "आम्ही मरतोय आणि ही बाई घड्याळ विचारतेय!" पण बाई चिडल्या नाहीत. सगळं लिहून घेत राहिल्या.

पहिला संशय कोपऱ्यावरच्या बेकरीवर गेला, कारण आजारी माणसांतल्या निम्म्यांनी तिथला पाव खाल्ला होता. बेकरी दोन दिवस बंद ठेवली. बेकरीवाला दुकानाबाहेर स्टूल टाकून जो येईल त्याला सांगत बसला, "अहो, जे आजारी नाहीत त्यांनीही माझाच पाव खाल्लाय, ते नाही विचारलं यांनी!" बाईंनी मग तेही विचारलं. त्याचं बरोबर निघालं. शिवाय बेकरी बंद असतानाही नवे आजारी येतच राहिले.

मग घरातलं पिण्याचं पाणी तपासलं. अक्काच्या पिंपातलं पाणी दूषित निघालं. नळाचं पाणी मात्र स्वच्छ. बाटलीत तपासणीच्या द्रवाचे दोन थेंब टाकले की पाणी छान पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन आहे. पाणीखात्याचे साहेब खूश झाले. "नळ चांगला, पिंप घाण. म्हणजे चूक घरात आहे. हात धुवा, भांडी धुवा." तसे कागदही भिंतींवर चिकटले.

हे ऐकून अक्का खाटेवर उठून बसायला निघाली. तिची भांडी! सकाळी पाचला उठून ती पिंप घासायची, फडक्याने पुसायची, मग उपडं ठेवायची. शेजारणी चेष्टेने म्हणायच्या, अक्काच्या पिंपात तोंड बघून पावडर लावावी. आणि वरच्या मजल्यावरची जी बाई आठ-आठ दिवस पिंप विसळत नसे, ती ठणठणीत होती. रोज सकाळी गॅलरीत केस विंचरताना दिसायची. काकांचं डोकं चक्रावलं. स्वच्छ राहणारी आजारी आणि गबाळी धडधाकट, हा कुठला रोग?

बाईंनाही तेच सतावत होतं. एका दुपारी त्या काकांना शोधत चेंबरपाशी आल्या आणि सायकलच्या कॅरिअरवर त्यांनी नकाशा पसरला. आजारी घरांवर लाल ठिपके. काकांना आधी आपली गल्लीच ओळखू येईना, अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ती वरून कधी पाहिली नव्हती.

"काका, हे बघा. या एकाच इमारतीत तळमजला आजारी, वरचा मजला बरा. या घरात बायको आणि दोन्ही मुलं आजारी, नवरा बरा. मला कळत नाहीये."

डॉक्टर 'कळत नाही' म्हणतो हे काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांना बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

"या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं?"

"सहाला," काका म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सहा ही कागदावरची वेळ होती. अक्काचे गुडघे धरले तेव्हापासून, म्हणजे सात-आठ वर्षं, काका तिच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पावणेसहालाच उघडत. बाकीच्या गल्ल्या सुरू होण्याआधी तिच्या नळाला जोर असे, तिला खालच्या नळाशी वाकून भांडं भरावं लागत नसे. साहेबांना पत्ता नव्हता. गल्लीने कधी तक्रार केली नव्हती, फायदा त्यांचाही होता. तेव्हा बाईंनी विचारल्यावर काकांच्या तोंडून जे निघालं ते सवयीचं उत्तर होतं. खोटं बोलतोय असंही त्यांना त्या क्षणी वाटलं नाही.

बाईंनी वेळ लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा माणूस नळावर बाटल्या घेऊन हजर. पाणी पिवळं झालं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आणि त्या दिवसांत आणखी सव्वीस माणसं आजारी पडली. त्यांतले एक, गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त मास्तर, गेले.

मास्तरांना नेऊन आल्यावर काका अक्काकडे दवाखान्यात बसले होते. ती आता भरभरून बोलू लागली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, "माझा भाऊ माझ्यासाठी आधी पाणी सोडतो. पहिली धार माझी. वरच्यांना तर वीस मिनिटं थेंब चढत नाही." शेजारची बाई म्हणाली, "आम्हीही पहिलीच धार भरतो. उशिरा उठणाऱ्यांच्या नळाला मग जोर कुठला?"

काकांनी दोघींकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण नेमकं काय ते हाताला लागेना. तळमजला. लवकर उठणाऱ्या बायका. आणि तो बरा असलेला नवरा? तो पाणी कामावर जाऊन प्यायचा. ते तसेच उठले आणि कचेरीत गेले.

"बाई, मी वेळ चुकीची सांगितली," ते म्हणाले. "पाणी पावणेसहाला सुटतं."

बाईंनी मान वर केली. "किती दिवसांपासून?"

"वर्षांपासून."

त्या ओरडल्या नाहीत. फॉर्मवरची वेळ खोडली आणि म्हणाल्या, "काका, म्हणजे आम्ही रोज वीस मिनिटं उशिरा पोचत होतो."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला बाई स्वतः अक्काच्या नळाशी बसल्या. काकांनी व्हॉल्व्ह उघडला आणि धावत आले. नळ आधी फुसफुसला, मग खोकल्यासारखं करत पाणी आलं. पहिल्या बाटलीत थेंब टाकले. पाण्याला रंगच आला नाही. पाच मिनिटांनी दुसरी बाटली, अगदी फिकट. वीस मिनिटांनी तिसरी, छान पिवळी. तीन बाटल्या ओळीने ठेवल्या तेव्हा घाण पहिल्या धारेतच आहे हे काकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही, पण ती येते कुठून ते समजत नव्हतं.

दोन दिवसांत रस्ता खोदला. गल्लीच्या सुरुवातीला पाइप गटाराखालून जात होता आणि तिथला जोड सुटला होता. पाणी चालू असताना जोरामुळे काही आत शिरत नसे. पाणी बंद झालं की रिकामा पाइप गटारातलं ओढून घेई आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धार ते सगळं घेऊन नळात येई. जे आधी उठत, घासूनपुसून आधी भरत, त्यांच्या पिंपात ते जाई. आळशी लोकांच्या वाट्याला धुतलेल्या पाइपातलं चांगलं पाणी.

जोड नवा बसवला. आठवड्यात साथ थांबली. काकांना नोटीस आली आणि त्यांची बदली पंपघरावर झाली.

जाण्याआधी ते बाईंना भेटले. "मी आधी सोडलं नसतं तर अक्का आजारी पडली नसती ना?"

"पडली असती. सहाला सोडलं असतंत तरी पहिली धार तीच होती. तुमच्या पावणेसहाने कुणी आजारी पडलं नाही."

"आणि खोटं सांगितलं नसतं तर मास्तर?"

"ते कधी प्यायले ते ठरवता येत नाही. कदाचित त्या दिवसांत, कदाचित त्याआधी. या रोगात काही तास लागतात, काही वेळा पाच दिवस. मला सांगता येत नाही, काका."

काकांना बदलीपेक्षा मोठी शिक्षा मिळाली असती तर बरं वाटलं असतं, असं त्यांच्या बायकोने नंतर आम्हाला सांगितलं. नुसतं 'सांगता येत नाही' घेऊन माणसाने कुठे जायचं? शेवटी ते मास्तरांच्या मुलाकडे गेले. उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, पावणेसहा, सहा, बाटल्या, चार दिवस.

मुलाने ऐकून घेतलं. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण रागाची नव्हती.

"पण काका, बाबा तर पहिल्या दिवसापासून पाणी उकळून पीत होते. मी स्वतः उकळून द्यायचो."

"मग?"

"तेच मला कळत नाहीये. दात घासताना चूळ भरली असेल. नाहीतर भाजी धुतली असेल. नाहीतर..." तो उंबऱ्यातून बाजूला झाला. "आत या ना. उभे का?"

काका आत गेले. दोघेही मास्तरांच्या खुर्चीसमोर बसले, आणि कोणत्या दिवशी कोण काय प्यायलं ते पुन्हा पहिल्यापासून आठवू लागले.