आत्याने बिल्ला वाचला

माझ्या सख्ख्या आत्याने भर वॉर्डात मला ओळखण्यास नकार दिला, तेव्हा तिची स्मृती उत्तम होती. रक्तदाबही. (तो मीच मोजला होता.)

दोष माझाच. आमच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी नवे बिल्ले आले होते. त्यांवर नाव, हुद्दा आणि तिसऱ्या ओळीत ‘मला असे संबोधावे’. ही तिसरी ओळ समितीत मी सुचवली होती आणि तिचे कारण गंभीर होते. प्रयोगशाळेतली आमची तंत्रज्ञ रेवती. जुन्या कागदपत्रांवरून लोक तिचा उल्लेख ‘तो’ असा करत आणि ती दर वेळी मान खाली घालून रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत राही. तिने बिल्ल्यावर ‘ती’ एवढेच लिहिले. मी ‘त्या, तुम्ही, डॉक्टर’ असे तीन शब्द लिहिले. जागा असती तर चौथाही सुचला असता. एवढी वर्षे वैद्यकशास्त्र शिकून रुग्ण मला अजून ‘सिस्टर, पंखा लावा’ असेच म्हणत होते.

रेवतीचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. माझा सुटला नाही. पंखे लावतच होते.

अशात शेवंतीआत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. आत्या खाडीकाठच्या भाट्ये गावची. ती मासळी बाजारात बसते आणि तिने मारलेली हाक खाडीपलीकडे ऐकू जाते. ‘काय गो ठकू!’ ही हाक मोठ्या सरांच्या कानी पडणे मला परवडणारे नव्हते. मोठे सर म्हणजे आमचे अधीक्षक. शस्त्रक्रियाही तेच करणार होते. पुढच्या प्रशिक्षणाच्या अर्जाला माझ्या वर्तनाविषयी त्यांचे शिफारसपत्र जोडायचे होते आणि सरांच्या मते रुग्णालयातला घरगुतीपणा हा जंतुसंसर्गाचाच एक प्रकार होता.

आत्या दाखल होण्याच्या आदल्या दिवशी मी घरच्यांची बैठक घेतली.

“हॉस्पिटलात मी ठकू नाही. तिथे मी डॉक्टर. ‘गो’ नाही, ‘तुम्ही’. डबे घेऊन माझ्या मागे फिरायचं नाही. बिल्ल्यावर लिहिलंय तसंच वागायचं.”

“म्हंजे वळख दाखवायची नाय?” आत्याने विचारले.

“नाहीच दाखवलीत तर उत्तम,” मी बॅग भरता भरता म्हणाले.

“तिच्या पत्राचा प्रश्न हाय,” बाबांनी सर्वांना बजावले. “कोनी घोळ घालायचा नाय!”

एखादी सूचना माणसे किती टक्के पाळतात, याविषयी माझा काही अनुभव होता. रुग्ण गोळ्या निम्म्याच घेतात, पथ्य त्याहून कमी पाळतात. माझ्या घरचे शंभर टक्के पाळतील हे मला कसे कळावे?

दुसऱ्या दिवशी सर शेजारी उभे असताना मी आत्याची माहिती लिहून घेऊ लागले.

“जवळचे नातेवाईक?”

आत्याने माझा बिल्ला सावकाश वाचला. “मालक बोटीवर हायत, फोन लागत नाय. बाकी कोन नाय हो, डॉक्टर.”

खुलासा करण्याची योग्य वेळ ही पहिल्या तीस सेकंदांतच असते. मी ती घालवली. कारण, खरे सांगायचे तर, आत्या मला ‘डॉक्टर’ म्हणाली हे मला फारच आवडले!

तेवढ्यात रेवती रक्त घ्यायला आली. आत्याने तिचाही बिल्ला वाचला. “रेवती ना तू? घे बाय, पन डाव्या हाताचं घे. उजव्यानं मी मासळी कापते.” रेवती खुलून हसली. एका बिल्ल्यावरून ‘बाय’ आणि दुसऱ्यावरून ‘डॉक्टर’! आत्याचे काम बिनचूक होते.

बाहेर व्हरांड्यात बाबा, आई, काका, काकू आणि माझा भाऊ एका बाकावर दाटीवाटीने बसले होते. रखवालदाराने हटकले.

“कोणाचे तुम्ही?”

“कोनाचेच नाय,” बाबा म्हणाले. “सहज बसलोय.”

“पाचही जण?”

“पंखा बरा हाय हितला.”

संध्याकाळपर्यंत वॉर्डभर बातमी झाली, की तीन नंबरच्या बाईला जगात कोणी नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी आपल्यातली पेज तिला दिली. कोणीतरी फुले आणली. (ती आमच्याच परसातली होती, काकूने ‘अनोळखी हितचिंतक’ म्हणून आत पाठवली होती.) राउंडला आलेले सर हेलावले. ते सहसा हेलावत नाहीत, त्यामुळे मी अधिकच घाबरले.

“डॉक्टर, या बाईंचा हात धरा,” ते सर्वांसमोर म्हणाले. “वर्तन वर्तन म्हणतात ते हेच. यांची मुलगीच आहात असं समजा!”

मी हात धरला. आत्याने तो हळूच सोडवून घेतला.

“ऱ्हाऊ दे हो. परक्या मानसाला कशाला तरास?”

सर गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. “आत्या, पुरे आता. सांगून टाकूया.”

“डॉक्टर,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमी दुसऱ्या पेशंटाकडं बघा. मी बरी हाय.” मग खालच्या पट्टीत, “पत्र मिळालं काय?”

सकाळी मात्र गाडे अडले. संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागते आणि ‘बाकी कोन नाय’ असे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. सर म्हणाले, “सहीला कोणी नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू.” आत्या तीन आठवडे वेदनेने तळमळत होती. एका बाजूला तिचे पित्ताशय, दुसऱ्या बाजूला माझे पत्र. रात्रभर टाळलेले गणित मी एका श्वासात सोडवले.

“सर, ही माझी आत्या आहे. सख्खी. बाहेर बाकावर माझे वडील बसलेत. मी हे कालच सांगायला हवं होतं.”

सरांनी चष्मा काढला. “बाई, हे खरं?”

आत्या सरांकडे पाहून समजूतदारपणे हसली. ही आपली परीक्षा चालली आहे, हे तिने ओळखले होते!

“मी यांना वळखत नाय.”

बाबांना आत बोलावले. “ही तुमची मुलगी?”

बाबांनी माझा बिल्ला वाचला. “डॉक्टर हायत त्या,” ते आदबीने म्हणाले.

माझ्या आतले शिक्षण, समिती, तिसरी ओळ सगळे एकदम गळून पडले. “आत्या! पुरे झालं गो! बाबांनू, करा सही! नायतर मी हितंच बसून रडन!”

 आत्या खाटेवर उठून बसली आणि विजयी मुद्रेने सरांना म्हणाली, “बघा हां साहेब, नियम आधी तिनं मोडला. आमी नाय!”

बाबांनी सही केली. पाठोपाठ काकांनीही केली, कोणी मागितली नसताना. सरांनी मला आत्याच्या उपचारांतून बाजूला केले. नातलग रुग्ण असेल तर ते आधी सांगणे हा वर्तनाचा पहिला धडा आहे, असे सर्वांदेखत ऐकवले आणि शस्त्रक्रिया उत्तम पार पाडली. तो पूर्ण वेळ मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. पंखा खरोखरच बरा होता.

आत्याला घरी सोडले त्या दिवशी शिफारसपत्र मिळाले. मी ते जिन्यातच उघडले. ‘वर्तन’ या शब्दासमोर सरांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘कुटुंबीयांच्या देखरेखीखाली समाधानकारक.’

प्रशिक्षणाची मुलाखत पुण्याला आहे. पत्राप्रमाणे पाहिले, तर बाकावरचे पाच जण आणि मी अशी सहा तिकिटे काढावी लागतील.