डावा आरसा

गाडी विकायची ठरली तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी केली. आर.सी., विमा, पी.यू.सी., दुसरी किल्ली, चारही बाजूंनी फोटो. फोटोंच्या आधी एक ओळ घुसवली: काचांवरचे पांढरे डाग काढणे.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. विजय नगरातल्या आमच्या बिल्डिंगखाली ती चार महिने नुसती उभी होती, कारण किल्ली माझ्या कपाटात होती. बाबांची मोठी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, बडा गणपती भागात एकटी राहते. दर बुधवारी बाबा जाऊन तिला दवाखाना, देऊळ, बाजार असं फिरवून आणायचे. अशाच एका बुधवारी संध्याकाळी परत येताना, आमच्या गल्लीत डावीकडे वळताना, एका शाळकरी मुलीच्या सायकलला गाडी घासली. मुलगी पडली, कोपर खरचटलं. बाकी काही झालं नाही. बाबा मात्र घरी आल्यावरही "मला दिसलीच नाही गं ती," एवढंच म्हणत होते.

तेवढं मला पुरलं. वय अठ्ठ्याहत्तर, दिसत नाही, किल्ली इकडे द्या. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डोळे ठीक आहेत माझे. काच बघ एकदा, पांढरी पडलीय." मी भाजी चिरता चिरता म्हणाले, "बाबा, आता काचेवर नका ढकलू."

तर डाग. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, त्यात भिजवलेली सुती फडक्याची घडी आरशावर दहा मिनिटं चिकटवून ठेवायची. रंगावर ओघळू नये म्हणून खाली जुना टॉवेल. कुठलीही नवी गोष्ट मी आधी अर्ध्यावरच करून बघते, मग ती फरशी असो की साडी. म्हणून डाव्या आरशाचा फक्त बाहेरचा अर्धा भाग घेतला. पहिल्या खेपेला काही हललं नाही. दुसऱ्या खेपेला हाताला लागणारी खरखर गेली. आर.ओ.च्या पाण्याने पुसलं, कोरडं केलं आणि मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढायला ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

त्या सीटवर मी कधीच बसले नव्हते. मी स्कूटीवाली, नवऱ्याला ऑफिसची कॅब. पाच वाजून गेले होते आणि ऊन थेट आरशावर येत होतं.

आरशाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात गल्ली, भिंत, वॉचमनची खुर्ची. आतल्या अर्ध्या भागात ताक. खरंच, ताक ओतल्यासारखं पांढरं, आणि त्यात काहीही नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी भाजीची पिशवी घेऊन मागून आल्या. स्वच्छ भागात त्या दिसल्या, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर दिसली, आणि गाडीच्या बाजूला सरकताच, पुढच्या पावलाला त्या पांढऱ्यात नाहीशा झाल्या. मी मान वळवून पाहिलं. त्या गाडीला खेटूनच चालत होत्या.

"क्या हुआ भाभीजी, गाड़ी चालू नी हो री?"

"ज़रा पीछे से फिर से निकलोगी?"

"मैं? फोटो में लोगे क्या? रुको, बाल तो ठीक कर लूँ!"

हसत हसत त्या पुन्हा चालल्या. पुन्हा तिथेच नाहीशा झाल्या. बाहेरून बघताना ते नुसते ठिपके होते. आणि आम्ही सगळे बाहेरूनच बघत होतो.

वर आले ते थेट फ्रिजसमोर. तिथे माझ्या अक्षरातला कागद: "नर्मदा – फक्त पिणे, स्वयंपाक, देव. बाकी सगळं बोरिंग." नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, म्हणून हा नियम. आधी बाबा गाडीच्या काचांसाठी नर्मदेचा एक तांब्या बाजूला ठेवायचे. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो मीच बंद केला होता. "पिण्याचं पाणी काचेवर?" असं मी म्हणाले होते. तेव्हापासून ते रोज सकाळी बोरिंगच्या क्षार असलेल्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवत होते. माझा नियम त्यांनी एक दिवसही मोडला नव्हता.

बाबा गॅलरीत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे काचच होती? पक्कं?"

"पक्कं."

"मी तर मानून बसलो होतो की डोळेच गेले. तू इतकं बघून-सवरून करतेस म्हटल्यावर..."

समोर त्या दिवशीचा पेपर घडीसुद्धा न मोडता पडला होता. मला वाटायचं, वाचायचा कंटाळा करतात. आणि चार महिन्यांत मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदाही नेलं नव्हतं. माझ्या एकाही यादीत ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेलं. मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, दिवसा खुशाल चालवा, अंधारात नको, असं डॉक्टर म्हणाले. मी उरलेल्या सगळ्या काचांवरचे डाग काढले, मेकॅनिककडून बॅटरी चार्ज करून घेतली आणि बुधवारी बाबांच्या शेजारी बसून बडा गणपतीला गेले.

आत्याबाई दारातच होत्या. बाबा उतरताच त्यांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. "सावकाश रे. पायरी आहे इथे."

"ताई, दिसतंय मला. गाडी मीच आणली."

"तूच तर फोनवर सांगितलंस, दिसत नाही म्हणून!"

"आत्याबाई, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि रस्त्यातच सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. भावालाच धारेवर धरलं.

"हिने सांगितलं आणि तू मानलंस? लहानपणी माझं तर एक ऐकलं नाहीस!"

बाबा हसले. त्या हसल्या नाहीत. आतून पिशवी घेऊन आल्या आणि सरळ पुढच्या सीटवर बसल्या.

"आधी दवाखान्यात चल. बी.पी.च्या गोळ्या संपून महिना झाला."

"महिना?" बाबांचा हात किल्लीवर तसाच राहिला. "अगं, फोनवर बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुला दिसत नव्हतं ना."

मी मागचं दार उघडून आत बसले.