कोपरापासून अंगठ्यापर्यंत

त्सुनामीच्या पुढच्या वर्षी माझ्या उजव्या कोपराखालची गाठ काढली. ती हाताला स्पर्श कळवणाऱ्या नसेतच वाढली होती. नसेचा तुकडाही कापावा लागला आणि पायातली नस काढून तिथे जोडली. शुद्धीवर आले तेव्हा अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझी राहिली नव्हती.

चेन्नईत एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून रजा घेऊन घरीच होते. एका दुपारी डोळा लागला. डाव्या हाताला चादरीखाली कुणाची तरी गार बोटं लागली आणि मी किंचाळत उठले. यजमान धावत आले, त्यांनी चादर ओढली. माझाच उजवा हात होता.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई तंजावरकडच्या मराठी. सगळे त्यांना अक्का म्हणत. दर आठवड्याला त्या मला डोळे मिटायला सांगायच्या आणि टाक्यांपासून खाली बोटाने टकटक करत यायच्या. सुई टोचली तरी न कळणाऱ्या अंगठ्यात एकाएकी मुंग्या उठायच्या. टकटक झालेल्या त्या जागी अक्का पेनाने रेघ ओढायच्या.

"नस इथवर आली," त्या तमिळ हेलात म्हणायच्या. "हळू चालते. चालू द्या."

अंघोळीनंतर ती रेघ मी पुन्हा गिरवायचे. कातडीखालून काहीतरी सरपटत खाली येत होतं. ते माझंच, हे मनाला पटत नव्हतं. डोशाच्या तव्यावर बोट भाजलं, तेही मला वासावरून कळलं.

कित्येक महिन्यांनी रेघ तळवा ओलांडून बोटांत पोचली.

"आता कुठे लावलं?" अक्कांनी विचारलं.

"मधल्या बोटाला."

"डोळे उघडा."

त्यांचं बोट माझ्या अंगठ्यावर होतं.

"मग मधल्या बोटाला कोण शिवलं, अक्का?"

त्या हसल्या नाहीत. "कुणी नाही. नसेचे धागे वाट चुकलेत. बघत बघत शिकवा त्यांना."

मग रोज संध्याकाळी यजमान पेन्सिलीने एकेक बोट शिवायचे. मी आधी बघून, मग डोळे मिटून मोठ्याने नाव घ्यायचे. शंभरदा चुकायचे. लहान मुलासारखं रडूही यायचं.

पुढे कामावर रुजू झाले. एकदा साहेबांशी बोलता बोलता पर्समध्ये उजवा हात घातला आणि न बघता कपाटाची किल्ली बाहेर काढली. साहेब बोलतच होते. मी खुर्चीत बसले.

अक्कांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "किल्लीचे दाते लागले?"

"लागले."

"कुठल्या बोटाला?"

मी डोळे मिटून किल्ली पुन्हा चाचपली, मगच उत्तर दिलं, "अंगठ्याला."